आधी टायर बघा, मग हॉर्सपॉवर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या ऑटो पुरवणीत मॉडिफाय केलेल्या स्पोर्ट्स कारबद्दल अधूनमधून छापून येतं, ते मी आवडीने वाचतो, फोटोही मस्त असतात, पण एक गोष्ट सारखी खटकते म्हणून आज लिहायला बसलो. इंजिनला काय काय केलं, टर्बो कुठला लावला, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) रीमॅप करून पॉवर किती वाढली, एक्झॉस्टचा आवाज कसा येतो, सगळं सविस्तर असतं आणि टायरबद्दल काय, तर "रुंद लो प्रोफाइल (म्हणजे बाजूची उंची कमी असलेले) टायर बसवलेत" एवढं एक वाक्य. अहो पण ती वाढवलेली पॉवर रस्त्यावर उतरते कुठून? प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. पळायचं, वळायचं, थांबायचं, सगळं त्या चार तळहातांच्या जोरावर.

वेग वाढला की थांबायचं अंतर नुसतं तेवढ्याच पटीत वाढत नाही, वर्गाने वाढतं. ताशी १०० चे १४० झाले तर दिसायला ४० च वाढले, पण ब्रेक मारताना जी ऊर्जा जिरवायची ती जवळजवळ दुप्पट झाली. ब्रेकच्या मोठ्या डिस्क आणि त्यांना पकडणारे सहा पिस्टनचे कॅलिपर लावले म्हणून गाडी एका दमात लवकर थांबेल असं नाही, ब्रेक चाक थांबवतो आणि गाडी टायर थांबवतो, टायरची पकड संपली की एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) तरी काय करणार, आहे तेवढी पकड सांभाळून वापरणार, नवीन कुठून आणणार. (मोठे ब्रेक वारंवार दाबले तरी लवकर दमत नाहीत हा त्यांचा खरा फायदा, तो आहेच.) म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मॉडिफिकेशनच्या यादीत टायर पहिल्या नंबरला पाहिजे. होतं उलटंच, पैसे इंजिनवर आणि अलॉयवर (मिश्रधातूच्या रिमवर) संपतात आणि उरलेल्यात टायर बघितले जातात, म्हणजे आधी कळस मग पाया.

आता निवडायचे कसे. टायरच्या बाजूवर २२५/४५ आर १७ ९४ डब्ल्यू असं काहीतरी लिहिलेलं असतं. २२५ म्हणजे मिलिमीटरमधे रुंदी, ४५ म्हणजे बाजूची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १७ इंची रिम, इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढचं मात्र कोणी वाचत नाही आणि महत्त्वाचं तेच आहे. ९४ हा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर ६७० किलो पेलतो, ९१ असेल तर ६१५ किलो. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंत, व्ही म्हणजे २४०, एच म्हणजे २१०, वाय म्हणजे ३००. मोठी रिम टाकली की बाजूची उंची कमी होते, आत मावणारी हवा कमी होते, आणि लोड इंडेक्स न बघता टायर घेतला तर मूळ टायरपेक्षा कमी वजन पेलणारा टायर त्याच गाडीखाली येतो, जिची पॉवर आपण वाढवलीय. लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर, दोन्ही कंपनीने दिलेल्या टायरपेक्षा खाली जाऊ द्यायचे नाहीत, दुकानदार काहीही म्हणो.

साइज बदलताना एकूण व्यास सांभाळायचा. २०५/५५ आर १६ चा व्यास साधारण ६३२ मिलिमीटर भरतो, २२५/४५ आर १७ चा ६३४ आणि २२५/४० आर १८ चा ६३७, म्हणून व्यासाच्या हिशोबाने ही साइज एकमेकांच्या जागी बसतात. व्यास फार बदलला की स्पीडोमीटर चुकतो, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासतो, आणि ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना पॉवर जाणारी) गाडी असेल तर पुढच्या मागच्या व्यासातल्या फरकाने पुढच्या मागच्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारा मधला डिफरन्शियल किंवा क्लच सतत काम करत राहतो, तापतो आणि शेवटी जातो. म्हणून तशा गाडीला एकच टायर नवीन आणि तीन अर्धे झिजलेले असंही करू नये.

रुंदीबद्दल एक गैरसमज फार पसरलाय की जितका रुंद तितकी पकड जास्त. वजन तेच आणि हवा तीच असेल तर टेकलेल्या भागाचं क्षेत्रफळ फारसं बदलत नाही, आकार बदलतो, लांबट होता तो आडवा आणि आखूड होतो. वळणात त्याचा फायदा मिळतो हे खरंय, पण साचलेल्या पाण्यात रुंद टायर लवकर तरंगायला लागतो आणि खराब रस्त्यावर स्टिअरिंग इकडेतिकडे ओढतं. मला विचाराल तर दोन साइज रुंद साधा टायर घेण्यापेक्षा मूळच्या रुंदीत उत्तम रबराचा टायर घ्यावा, फरक पहिल्याच वळणात कळतो.

याच्या उलट ते स्ट्रेचचं फॅड, रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवायचा म्हणजे गाडी फोटोत भारी दिसते. २२५/४५ आर १७ ला साधारण ७ ते साडेआठ इंच रुंदीची रिम चालते, तोच टायर दहा इंची रिमवर ताणला की बाजू तिरकी होते, रिमची कड उघडी पडते आणि जोराच्या वळणात किंवा खड्ड्यात टायरची कड रिमवरून सुटून सगळी हवा एका क्षणात जाऊ शकते. जीवघेणी गोष्ट आहे ही, आणि असल्या गाड्यांचे फोटो कौतुकाने छापले जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

अलॉयबद्दल एकच सांगतो कारण ते नजरेतून हमखास सुटतं. नट रिमला जिथे टेकतो ती जागा काही गाड्यांना शंकूसारखी तिरकी असते आणि काहींना गोल असते. नवीन अलॉयची बैठक तिरकी आणि नट जुनेच गोल बैठकीचे राहिले तर पाना मारताना घट्ट झाल्यासारखंच वाटतं, पण आत नट फक्त एका बारीक रेषेवर टेकलेला असतो आणि चालता चालता सैल होतो. रिम बदलली की नट त्याच बैठकीचे घ्यायचे, टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्याला आवळायचे, आणि ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा तपासायचे.

रबर कुठलं घ्यायचं हे गाडी कशी वापरता त्यावर आहे आणि इथे स्वतःशी खरं बोलावं लागतं. काही टायरवर ट्रेडवेअर म्हणून आकडा असतो, २०० च्या आसपास असेल तर रबर मऊ, चिकट आणि लवकर झिजणारं, ४०० म्हणजे जास्त टिकणारं, अर्थात हा आकडा कंपनी स्वतः ठरवते त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काटेकोर तुलना होत नाही. ट्रॅकसाठीचे सेमी स्लिक (जवळजवळ गुळगुळीत) टायर कोरड्यात गरम झाले की जबरदस्त धरतात, पण थंड असताना तेवढे धरत नाहीत आणि नक्षीत खाचा कमी असल्याने भर पावसात त्यांच्यावर विसंबणं धोक्याचं. रोज ऑफिसला जाणारी गाडी, वर्षातून एखाद्या वेळी ट्रॅक, अशा माणसाने चांगला समर परफॉर्मन्स टायर घ्यावा आणि फारच हौस असेल तर ट्रॅकसाठी वेगळा सेट ठेवावा. जिथे कडक थंडी पडते तिथे तापमान ७ अंशांच्या खाली जायला लागलं की समर टायरचं रबर कडक होतं, मग विंटर टायरच लागतात.

टायर नवीन आहे म्हणजे ताजा आहे असं नाही. बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा, २३२१ असेल तर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. कधीकधी ते चार आकडे फक्त आतल्या बाजूला येतात, तेव्हा बसवायच्या आधीच बघून घ्या. स्पोर्ट्स कार कमी चालते, झाकून ठेवलेली असते, त्यामुळे नक्षी भरपूर शिल्लक दिसते आणि रबर मात्र वयाने कडक झालेलं असतं. ३० नोव्हेंबर २०१३ ला ज्या पोर्श कॅरेरा जीटीच्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर गेला, तिच्या तपासात कारण अतिवेग हेच निघालं, पण टायर नऊ वर्षं जुने होते आणि त्याने गाडीच्या हाताळणीवर परिणाम झाला असू शकतो हेही त्यात नोंदवलेलं आहे. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावेत, दहा वर्षांपुढे तर नक्षी कितीही असो वापरूच नयेत, आणि पॉवर वाढवलेल्या गाडीला मी स्वतः सहा वर्षांपलीकडे थांबणार नाही.

आता गाडी खाली बसवणाऱ्यांसाठी. लोअरिंग स्प्रिंग किंवा कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअॅब्सॉर्बर) लावले की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (वरून पाहिलं तर चाकं आत की बाहेर वळलीत ते) दोन्ही बदलतात आणि बरेच जण अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे हे कोन जुळवणं, न करता तशीच गाडी फिरवतात. मग गाडी टायर खायला लागते आणि खाते तीही आतल्या कडेने, जिथे उभ्याने दिसत नाही. ओळखीतल्या एका पोराची गाडी बघितली, बाहेरून टायर नवाकोरा, नक्षी पूर्ण, जमिनीवर आडवं पडून मोबाइलच्या टॉर्चने आतली कड पाहिली तर रबर संपून स्टीलच्या बारीक तारा बाहेर आलेल्या, बोट फिरवलं तर टोचत होत्या. आणि हा त्याच गाडीने रात्री हायवेला जायचा. सगळे दोष कॅम्बरला देतात पण खरा खाणारा बहुतेक वेळा टो असतो, चाकं समांतर नसली की टायर सरळ लोळत नाही, प्रत्येक मीटरला थोडा थोडा आडवा घासत जातो. म्हणून सस्पेन्शनला हात लावला की अलाइनमेंट केलीच पाहिजे, स्प्रिंग बसल्या की काही दिवसांनी पुन्हा एकदा, आणि त्याचा प्रिंटआउट मागून घ्या. नक्षी मोजताना आत, मधे आणि बाहेर अशा तीन ठिकाणी मोजा. १.६ मिलिमीटर ही बऱ्याच देशांतली कायद्याची शेवटची मर्यादा आहे, पण पाण्यात पकड त्याच्या बरीच आधी कमी व्हायला लागते, मी तर ३ ला टायर बदला म्हणेन. दोनच नवीन घेणार असाल तर ते मागे टाका, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरीसुद्धा, कारण ओल्या रस्त्यावर मागची बाजू निसटली तर सावरणं फार अवघड.

राहिली हवा, जी फुकटात होणारी आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट. हवा टायर थंड असताना बघायची, निदान तीन तास गाडी उभी असताना. बाहेरचं तापमान १० अंशांनी बदललं की साधारण दीड-दोन पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) फरक पडतो, म्हणजे ऋतू बदलला की हवा बघायचीच. टायरच्या बाजूवर लिहिलेला मोठा आकडा ही वरची मर्यादा आहे, भरायचा आकडा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, आणि तोही मूळ साइजसाठी. साइज बदलली, विशेषतः एक्स्ट्रा लोडचा (त्याच साइजमधे जास्त वजन पेलणारा) टायर घेतला, तर तेवढंच वजन पेलायला त्याला थोडी जास्त हवा लागू शकते, टायर कंपनीचा तक्ता बघून ठरवा. हवा कमी असली की बाजू सतत दुमडते, आतून तापते, दोन्ही कडा झिजतात आणि वेगात टायर फुटायचं एक मोठं कारण हेच. जास्त असली की मधली पट्टी झिजते आणि पकड कमी होते. ट्रॅकवर काही लॅपमधे हवा सहज पाच-सहा पीएसआय वाढते म्हणून लोक गरम असताना ती काढतात, ते बरोबरच आहे, पण मग घरी निघायच्या आधी परत भरायची राहून जाते आणि थंड झाल्यावर तोच टायर पार कमी हवेवर हायवेला लागतो. ही चूक अनुभवी लोकही करतात. हवेऐवजी नायट्रोजन भरतात त्याचं फार काही नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, नियमित तपासणार असाल तर साधी हवा चालते.

पंक्चर मधल्या पट्टीत असेल तर टायर उतरवून आतून पॅचसकट काढून घ्यावं, खांद्याला (नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे) किंवा बाजूला असेल तर टायर बदलायचा. बाजूवर फुगा आला म्हणजे आतले धागे तुटलेत, त्यावर इलाज नाही. नवीन टायर बसवले की पहिले दोनेकशे किलोमीटर गाडी आरामात चालवा, वरचा गुळगुळीत थर निघाल्याशिवाय पूर्ण पकड येत नाही.

तर संपादक साहेब, एक कळकळीची विनंती. यापुढे पुरवणीत कुठल्याही मॉडिफाय केलेल्या गाडीचा फोटो छापाल तेव्हा पॉवरच्या आकड्याशेजारी टायरची पूर्ण साइज लोड इंडेक्ससकट, टायर कुठल्या साली बनला आणि अलाइनमेंट शेवटची कधी झाली एवढं मालकाला विचारून छापत चला, आणि ज्याला सांगता येणार नाही त्याची गाडी त्या आठवड्यात छापू नका. मुलं तुमची पुरवणी बघून गाड्या बनवतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक