गवे चरतात ती भातखाचरे

माननीय संपादक महोदय,
सादर नमस्कार.

आपल्या कालच्या पुरवणीतील चांदोली राष्ट्रीय उद्यानावरचा लेख वाचला आणि रात्रभर मनात घोळत राहिला. हे लेखाचे यश मानावे की माझ्या वयाचा दोष, ते आपणच ठरवावे. वसंत सागरावर उतरलेल्या धुक्याचे छायाचित्र तर मी कापून ठेवले आहे. परंतु लेखकमहाशयांनी त्या जलाशयाला ‘निसर्गाचे देणे’ आणि भोवतालच्या रानाला ‘मानवी पाऊल न पडलेले अरण्य’ म्हटले आहे, ते काही केल्या गळी उतरत नाही. वारणेला बांध घालून ३४ टीएमसी पाणी अडवले ते निसर्गाने नव्हे, पाटबंधारे खात्याने.

माझ्या आत्याचे सासर त्याच रानात होते. १९८५ साली तेथे अभयारण्य झाले, २००४ साली ३१७.६७ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि दरम्यान तिचे गाव उठून हातकणंगले तालुक्यात आले. तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात ‘एकदा घराचं जोतं बघू दे’ असा तिने हट्टच धरला, तेव्हा रीतसर तिकीट काढून (स्वतःच्या सासरी तिकीट काढून जाणारी बाई मी तेव्हा प्रथमच पाहिली) मी तिला झोळंबीच्या सड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसवले. वाटेत उतारावरच्या टप्प्याटप्प्याच्या गवतात पाचसहा गवे चरत होते. काळेभोर अंग, गुडघ्याखाली पांढरे पाय. त्यांतील एका मादीने मान वर करून आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा गवतात तोंड घातले. गाडीतला एक तरुण मोबाइलवर वाचून मित्रांना सांगू लागला, की येथे कधी वस्तीच नव्हती, म्हणून ही जनावरे एवढी निर्धास्त. आत्या बाहेर बघतच म्हणाली, “बाळा, आमची खाचरं हायती ती. बांध मोज, सात भरतील.” तो हसला. मी मोजले. सातच होते.

नांगर थांबला, पडीक खाचरांत गवत माजले, म्हणून गवे तेथे चरतात, एवढी साधी गोष्ट आपल्या लेखात नाही. ‘जनीचा आंबा’ या ठिकाणाचा उल्लेख मात्र आहे. ज्या रानात मानवी पाऊल पडले नाही, तेथे ही जनी कोण, असा प्रश्न लेखकमहाशयांना पडू नये, याचे नवल वाटते.

त्यातून गव्याला लेखभर ‘बायसन’ म्हटले आहे. बायसन अमेरिकेत असतो, युरोपात असतो. सह्याद्रीत असतो तो गवा. तो पंचगंगेच्या काठी शहरालगत आला की आपण पहिल्या पानावर ‘गवा’ असेच छापता, पुरवणीत येताच त्याचा बायसन होतो. रविवारी त्याला इंग्रजी येत असावे.

विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. माझे मागील पत्र आपण निम्मे कापून छापले होते आणि नेमके मुद्द्याचे निम्मे कापले होते. याही वेळी जागेची अडचण असल्यास बायसनचा परिच्छेद खुशाल कापावा, आत्याचा तेवढा राहू द्यावा. ती आता वाचू शकत नाही, पण मी वाचून दाखवणार आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
शिवाजी पेठ, कोल्हापूर