मागच्या ब्रेक डिस्क आणि तुमचा वायर ब्रश: मिस्त्रीकाकांना आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,

स. न. वि. वि.

सोसायटीतल्या स्कोडा लॉराच्या मागच्या दोन्ही डिस्क पार्किंगमध्येच बदलून झाल्या. पेडल थरथरत नाही आणि हँडब्रेक रॅम्पवर गाडी धरून ठेवतो. तुम्ही पान्याला हात लावला नाहीत, पण काम तुमच्याच सांगण्यावर झालं. पुढे कुणाला हे घरी करायचं असेल तर त्यालाही वाचता यावं, म्हणून पत्र उघडंच लिहितोय.

आधी आभार, सामान घ्यायची घाई करू न दिल्याबद्दल. लॉराला मागे सगळीकडे एकच माप नाही. २५५ मिमी व्यासाची १० मिमी जाड डिस्क येते, तशी २६० मिमीची १२ मिमी जाडही येते. डिकीतल्या स्टिकरवरचा ‘१के’ने सुरू होणारा कोड पाहा आणि जुनी डिस्क व्हर्नियरने मोजा, हे तुमचं म्हणणं. १० ची डिस्क ८ वर आली की बाद. मोजताना काठावरची गंजाची कड धरायची नाही, पॅड (डिस्कला दाबून थांबवणारी पट्टी) घासतो तिथली जाडी धरायची. डिस्क जोडीनेच बदलायची, पॅड नवेच घ्यायचे. कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीचे) १३ चे बोल्ट पॅडच्या किटमध्ये मिळतात आणि तेही नवेच लावायचे.

गाडी उचलताना पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, गिअर पहिला आणि हँडब्रेक सोडलेला. हँडब्रेक ओढलेला राहिला तर कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा पिस्टन मागे जाणारच नाही. जॅक फक्त उचलण्यापुरता, वजन स्टँडवर. यात वाद नाही. एका वेळी एकच बाजू खोला म्हणालात तेही बरं झालं. स्प्रिंगची क्लिप कुठल्या तोंडाने बसते अशी शंका आली की दुसऱ्या बाजूला जाऊन बघता येतं.

कॅलिपर सुटतो सहज: १३ चा बोल्ट फिरवायचा, आतली पिन १५ च्या पातळ पान्याने धरायची. सुटला की तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधायचा, ब्रेक ऑइलच्या होजवर लोंबकळू द्यायचा नाही. खरी कसोटी ब्रॅकेटच्या, म्हणजे कॅलिपर आणि पॅड धरणाऱ्या चौकटीच्या, दोन बोल्टची. त्यांना एम१४ चं बारा दातांचं बिट लागतं, आणि बोल्टच्या खाचेत वर्षांचा चिखल भरलेला असतो. टोकदार खिळ्याने तो उकरून, बिट हातोडीने तळापर्यंत ठोकून बसवल्याशिवाय जोर लावला तर दात मारले जातात, आणि मग तो बोल्ट काढणं हे डिस्क बदलण्यापेक्षा मोठं काम होऊन बसतं. जागा कमी असल्याने बिट आखूड आणि दांडा लांब हवा. डिस्कवरचा छोटा टी३० स्क्रूही असाच हट्टी असतो. इम्पॅक्ट ड्रायव्हरने नाही सुटला तर डोकं ड्रिल करून टाका, डिस्क शेवटी चाकाच्या बोल्टांनीच आवळली जाते, असं तुम्ही सांगून ठेवलं होतं. त्यामुळे तिथे वेळ गेला नाही.

आता वायर ब्रशबद्दल. डिस्क निघाल्यावर हबचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाचा) चेहरा चकचकीत होईपर्यंत घासायला लावलात, चाकाचे बोल्ट जातात त्या पाच भोकांच्या कडासुद्धा. अनेक गॅरेजांत हे काम होतच नाही. जुनी डिस्क काढली, नवी चढवली, संपलं. पण हबवर गंजाची एक खपली राहिली की डिस्क तिरकी बसते. हबपाशी ०.०५ मिमीचा फरक असेल तर डिस्कच्या काठाशी तो जवळपास दुप्पट होतो. सुरुवातीला काहीच कळत नाही. ब्रेक न लावताही तिरकी बाजू दर फेऱ्याला पॅडला चाटून जाते, तिथली जाडी झिजत राहते, आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरायला लागतं. मग लोक म्हणतात, डिस्क हलक्या दर्जाची निघाली. तुम्ही डायल गेज (डिस्क किती डुलते ते काट्यावर दाखवणारं यंत्र) दिलात म्हणून बसवल्यावर मोजताही आलं: डिस्क चाकाच्या बोल्टांनी वॉशर घालून आवळायची आणि काठापासून एक सेंटीमीटर आत गेज लावून एक फेरी फिरवायची. काटा जास्त हलला तर डिस्क एक भोक पुढे फिरवून पुन्हा बघायची.

ब्रॅकेटचंही तसंच. पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात तिथला गंज कानशीने काढला नाही तर पॅड अडकतो. नवा पॅड बोटाने सरकला पाहिजे, ठोकावा लागला तर साफसफाई कमी पडली. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना सिलिकॉन ग्रीसच, कारण साध्या ग्रीसने रबर फुगतं. कॉपर ग्रीस हबच्या मधल्या उंचवट्यावर पुसट, आणि चाकाच्या बोल्टांच्या आट्यांना अजिबात नाही.

पिस्टन सी-क्लॅम्पने दाबू नका, हे तुम्ही ज्या आवाजात बजावलंत तो लक्षात आहे. याच पिस्टनच्या आत हँडब्रेकची आपोआप जुळणारी यंत्रणा असते, सरळ दाबला तर तीच मोडते. या गाडीत दोन्हीकडे घड्याळाच्या दिशेने फिरवत-दाबत न्यायचा. त्या वेळी ब्रेक ऑइलच्या डबीवर एकाची नजर हवी. पातळी चढते, आणि सांडलं तर रंग खातं, म्हणून आधीच सिरिंजने थोडं काढलेलं बरं. (इलेक्ट्रिक हँडब्रेकवाल्यांनी हा परिच्छेद वाचून पाना उचलू नये. तिथे आधी स्कॅनरने सर्व्हिस मोड लावावा लागतो.)

आवळायचे आकडे तुमच्या वहीतले, इथे पुन्हा: ब्रॅकेटचे नवे बोल्ट ९० न्यूटन-मीटर आणि वर पाव फेरा, कॅलिपरचे ३५, डिस्कचा स्क्रू फक्त ४, चाकाचे बोल्ट १२०, तेही चाक जमिनीला टेकवून, समोरासमोर. साधारण ५० किलोमीटर झाल्यावर चाकाचे पुन्हा तपासायचे.

नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते असं, की जोडणी झाल्यावर आधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचं आणि मगच हँडब्रेक ओढायचा. उलटं केलं तर केबल सैल वाटते, माणूस ती आवळतो आणि ब्रेक घासत राहतो. हँडब्रेक सोडल्यावर कॅलिपरवरचा, हँडब्रेकची केबल ओढते तो दांडा दोन्हीकडे आपल्या टेकूला टेकलेला हवा. पहिले दोनशे किलोमीटर कचकचून ब्रेक मारायचा नाही.

पावसाळ्याचा तुमचा सल्लाही मंडळींनी मनावर घेतलाय. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर सपाट जागेवर गिअरमध्ये, ठोकळे लावून, हँडब्रेक सोडून. मागच्या ब्रेकवर मुळात भार कमी, त्यामुळे गंज घासून निघत नाही आणि ओला पॅड डिस्कला चिकटतो.

तुमची हत्यारं पुसून पेटीत ठेवली आहेत. टॉर्क रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवलाय. एम१४ चं बिट थोडं झिजलं होतं, त्याजागी नवं घातलंय, रागावू नका.

आपली,
बी विंगच्या पार्किंगमधली मंडळी