स्कारची भुवई

महोदय,

हाताने चित्रे काढून केलेले जुने अ‍ॅनिमेशनपट संगणकावर पुन्हा करू नयेत, असे मला मनापासून वाटते. ‘द लायन किंग’चेच बघा. १९९४च्या चित्रपटात स्कार या खलनायक सिंहाची एक भुवई वर चढली, ओठ जरा तिरका झाला की त्याच्या पोटातले कपट लगेच कळायचे. २०१९च्या संगणकीय आवृत्तीत आयाळीचा केस न् केस खरा वाटतो, पण चेहरा ढिम्म! खरा सिंह भुवया उडवत नाही, म्हणून हाही नाही. नातीला दोन्ही दाखवले. मेलेल्या बापाच्या पंजाखाली छोटा छावा सिम्बा शिरतो, तेव्हा जुन्यात ती मला बिलगून रडली. नव्यात नुसती बघत राहिली.

संगणकाशी माझे वैर नाही. मूळ चित्रपटातला उधळलेला कळपही संगणकाच्याच मदतीने साकारला होता. पण तिथे संगणक चित्रकाराच्या हाताखाली राबत होता. जुने चित्रपट मोठ्या पडद्यावर पुन्हा लावा, आजची मुले ते आवडीने बघतील. संगणकाला नवी गोष्ट द्या.

– एक वाचक, ठाणे