मिरजेच्या चाचांना, नववीच्या वर्गाकडून आणि माझ्याकडूनही

चाचा, नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, 'छोड ना बेटा' म्हणून लगेच पोरांची चौकशी सुरू करता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय आणि नातवाला तुमच्या सांगून ठेवलंय, वाचून दाखव म्हणून. नाव घालू नको म्हणालात, नाही घालत. सतारमेकर गल्लीत कळायचं त्याला कळेलच.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. चाचांचं सतारी-तंबोऱ्यांचं दुकान आहे. मी नववीला विज्ञान शिकवते. आमच्या संगीताच्या बाई रिटायर झाल्या, जागा काही भरली नाही, आणि 'मॅडम तुम्ही गॅदरिंगला गाता की' एवढ्या क्वालिफिकेशनवर तो तास माझ्या गळ्यात पडला. या तासाला परीक्षा नाही, त्यामुळे गणिताचा पोर्शन मागं राहिला की पहिला बळी याचाच. आणि तास झालाच तर काय, प्रार्थना, स्वागतगीत, पंधरा ऑगस्टचं समूहगीत पाठ करून घ्या, झालं संगीत! मला वाटायचं पोरांनी एकदा नीट ऐकावं आणि मग स्वतःची चाल बांधावी, चार ओळींची का असेना. पण सुरुवात कुठून करायची त्याचा पत्ता नव्हता. कपाटावर एक जुना तंबोरा पडून होता, भोपळ्याला तडा गेलेला, तारा गंजलेल्या, तो घेऊन मी तुमच्याकडं आले. तुम्ही विचारलंत कशाला पाहिजे, मी सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात हा होईल दुरुस्त सावकाश, तोवर माझा घेऊन मीच येतो.

पहिल्या दिवशी पोरांना वाटलं कोणीतरी गायला आलंय. तुम्ही सतरंजीवर बसलात, सगळ्या तारा सोडून फक्त खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची तार छेडलीत आणि विचारलंत, किती सूर आहेत यात? सगळ्यांचं एकच उत्तर, एक. मग घोडीवरचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवरचा, तारेखालचा दोरा बोटानं केसभर सरकवलात, परत छेडलीत, परत सरकवलात. आधी तार नुसती ठण्ण करून विझत होती, हळूहळू ती उघडायला लागली, आवाज लांबायला लागला, आणि मागच्या बाकावरचा आमचा एक उपद्व्यापी कार्टा (विज्ञानात काठावर पास) अचानक वेगळाच सूर गुणगुणायला लागला. तुम्ही त्याला गप्प केलं नाहीत, उलट म्हणालात मोठ्यानं म्हण. तो गंधार होता, म्हणजे ग. तंबोऱ्याची एकही तार गंधारात लावलेली नाही आणि पोरगं गंधार म्हणतंय! मग एकेकाला जवळ बोलावून भोपळ्याला कान लावायला सांगितलंत, आणि एकदा ऐकू आल्यावर तो सूर कुणाच्या कानातून जाईना.

त्या दिवशी मला माझा 'ध्वनीचा अभ्यास' हा धडा पहिल्यांदा शिकवावासा वाटला, खरंच सांगते. सोयीसाठी खर्ज 100 हर्ट्झ धरा, तर त्याच तारेत 200, 300, 400, 500 अशी कंपनं सोबत चालू असतात, 300 ला पंचम, म्हणजे प, 500 ला गंधार. जवारीमुळं (घोडीची पाठ घासून, दोरा सरकवून तार अशी उघडतात, ती जवारी) तार घोडीच्या उतरत्या पाठीवर घासत राहते आणि हे वरचे सूर दबून न जाता पुढं येतात. इतकी वर्षं फळ्यावर तरंग काढतेय, एका पोरानं प्रश्न विचारला नव्हता, आणि आता 700 ला काय असतं मॅडम म्हणून मागं लागले.

आणि दुसरी गंमत लॅपटॉपची. मी चाल बांधायला गूगलचं साँग मेकर वापरत होते, चौकोनावर क्लिक केलं की सूर वाजतो, लॉगिन लागत नाही, शाळेसाठी बरं पडतं. त्यात पेंटाटॉनिक, म्हणजे पाच सुरांचं, स्केल निवडलं की सा रे ग प ध मिळतात, म्हणजे आपल्या भूप रागाचेच सूर, कुठंही क्लिक केलं तरी फारसं बेसूर होत नाही. मी खूश. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, गंधार चढाय याचा. मी म्हटलं चाचा मशीन आहे ते, चुकत नाही. मग लॅपटॉपचा सा तुमच्या तंबोऱ्याशी जुळवून दोन्ही एकदम लावलं तर गंधार थरथरायलाच लागला. वरचं गणित घ्या, तारेतला गंधार 500, कॉम्प्युटर सप्तकाचे बारा सारखे भाग करतो म्हणून त्याचा येतो जवळजवळ 504, फरक चारचा, म्हणून आवाजाला सेकंदाला चार हेलकावे. पोरांनी ते बोटावर मोजले. माझ्याकडं आकडे होते, तुम्ही नुसत्या कानानं सांगितलंत. लॅपटॉप टाकून द्या असंही म्हणाला नाहीत हे विशेष, 'काम का है, बस ऐकून वापरा' एवढंच.

चाली बांधायला घेतल्या तेव्हा तुमचा नियम कडक होता, आधी तीनच सूर. सा, रे, ग. पोरं वैतागली, तीन सुरांत काय होतंय! तुम्ही म्हणालात घरी आजी असेल तर तिला जात्यावरची ओवी म्हणायला सांगा आणि सूर मोजा. दुसऱ्या आठवड्यात पोरी मोबाइलवर आज्यांच्या ओव्या रेकॉर्ड करून घेऊन आल्या, बहुतेक तीन-चार सुरांतच फिरत होत्या, आणि एकीनं त्यातलं वळण उचलून एसटीची वाट बघण्यावर चार ओळी बांधल्या. पहिली ओळ रिषभावर, म्हणजे रे वर, लटकत ठेवली, गाडी आलीच नाही म्हणून, शेवटची सा वर आणली. हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं! तुम्ही तिला म्हणायला लावलंत ती ओळ, परत परत, आणि एवढंच विचारलंत की दुसऱ्या ओळीत श्वास कुठं घेणारेस. तिथंच एक शब्द कापावा लागेल हे तिचं तिलाच कळलं.

मुलगे गणपतीच्या मिरवणुकीतलं डीजेचं गाणं घेऊन आले तेव्हा मला धडकी भरली होती, आता लेक्चर मिळणार. तुम्ही पूर्ण ऐकलंत, मान हलवत ऐकलंत, मग विचारलंत तो मोठा ठोका किती मात्रांनी परत येतो. मोजा. आठ. मग केरवा, आठ मात्रांचा ताल, हातावर धरायला लावलात, धागेनति नकधिन, आणि तेच गाणं त्यावर चपखल बसलं. 'भारी', 'मस्त' म्हणायला बंदी घातलीत ते मात्र फार बेस्ट झालं, आधी काय वाजलं, मग काय बदललं, ते सांगा म्हणायचात. आता पोरं टीव्हीवरची जाहिरात ऐकून पण तेच करतात, पालकांची तक्रार आलीय.

मला एक गोष्ट मात्र टोचते, लिहूनच टाकते. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची मजार आपल्या गावात, दर्ग्यात दरवर्षी संगीत सभा होते, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवले. आणि इथल्याच शाळेतल्या पोरांनी तंबोऱ्याला कधी हात लावलेला नाही. तुम्ही दुकानातलं काम सोडून, गुडघे दुखत असताना जिना चढून आलात, पेट्रोलचे सुद्धा पैसे घेतले नाहीत. उलट पोरांना दुकानात बोलावून पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे दाखवलेत, कुठला तंबोऱ्याचा कुठला सतारीचा ते टकटक करून ओळखायला लावलंत. ती सहल पोरं अजून सांगतात.

तर चाचा, मनापासून आभार. शाळेच्या तंबोऱ्याचं बिल अजून आलेलं नाही, ते कृपया पाठवा, हेडसरांकडून मंजूर करून ठेवलंय, नाही म्हणू नका. नवीन नववीला या वर्षी शनिवारचा शेवटचा तास मिळालाय, वर्ग तळमजल्यावर मागून घेतलाय, जिना नाही. आणि मागच्या बाकावरचा तो कार्टा आता दहावीत गेलाय, सुट्टीत तुमच्याकडं जवारी काढायला शिकायला येऊ का म्हणून विचारतोय. त्याचे वडील हो म्हणालेत. तुमचं काय ते कळवा.