पूल पार्टीला सरबत घरचेच हवे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऊन तापू लागले की उन्हाळी पुरवण्यांत घरच्या पूल पार्टीवर लेख येऊ लागतात. छत्र्या, दिव्यांच्या माळा, पाण्यावर तरंगणारे फुगवलेले हंस यांचे फोटो देखणे असतात, पण पेल्यात काय ओतायचे याचे उत्तर बहुतेक वेळा तयार सिरप आणि सोडा एवढेच असते. कर्जत, लोणावळा, अलिबाग, मुरूड या पट्ट्यात आता कितीतरी बंगल्यांना पोहण्याचा तलाव आहे. कोकम, कैरी, शहाळी, आले, वाळा हे सारेही याच पट्ट्यातल्या बाजारात मिळते. घरचे सरबत करायला कौशल्य फारसे लागत नाही. आठवडाभर आधी सुरुवात आणि नेमकी मापे मात्र लागतात. पुरवणीत ती छापली जात नाहीत म्हणून या पत्रात सविस्तर देत आहोत. पत्र लांबले आहे. जागा असेल तर पूर्ण छापावे ही विनंती.

हिशेब वीस माणसांचा धरू. दुपारी चार ते रात्री आठ अशी वेळ ठेवली तर माणशी चार पेले लागतात. पेला दोनशे मिलीचा, त्यात बर्फ जाऊन दीडशे मिली पेय. म्हणजे एकूण बारा लिटर सरबत. ते असे वाटून घ्यावे: कोकम सहा लिटर, कैरीचे पन्हे चार, आले-लिंबू दोन ते अडीच. शिवाय साध्या पाण्याचा वीस लिटरचा जार हवाच. पाण्यात असताना घाम येतो, पण अंग ओले असल्याने तो कळत नाही आणि तहानही उशिरा लागते. म्हणून मुलांना दर अर्ध्या तासाने बाहेर बोलावून पाणी द्यावे.

कोकमापासून सुरुवात करू, कारण त्याला सर्वांत जास्त दिवस लागतात. अमृत कोकम करायचे तर पिकलेली, गडद लाल फळे एक किलो आणावीत. धुऊन पूर्ण कोरडी करावीत, अर्धी कापून बिया आणि पांढरा गर काढावा. साधारण अर्धा किलो साली निघतात. त्यांना एक किलो साखर. काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत सालीचा थर, साखरेचा थर असे भरत जावे आणि सर्वांत वर साखर यावी. तोंडाला पातळ फडके बांधून सात-आठ दिवस उन्हात ठेवावे आणि रोज कोरड्या चमच्याने हलवावे. साखर विरघळली की गाळून एक चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चवीपुरते मीठ घालावे. साधारण लिटरभर पाक मिळतो आणि एकास पाच पाणी घातले की सहा लिटर सरबत होते. बिघडते ते दोन कारणांनी: साली ओल्या राहिल्या किंवा साखर कमी घातली. मग वर फेस येतो, वास आंबूस होतो आणि पाक आंबतो. असा पाक उकळून वाचवू नये, टाकून द्यावा.

झाडावर फळ पिकण्याआधी पार्टी असेल तर आमसुले चालतात. शंभर ग्रॅम आमसुले लिटरभर कोमट पाण्यात तीन तास भिजवून, कुस्करून गाळावीत आणि त्यात पाचशे ग्रॅम साखर विरघळवावी. आमसुलांना मीठ लावलेले असते. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, तर ते भरपूर असते, म्हणून चव घेतल्याशिवाय वरून मीठ घालू नये. आणखी एक गोष्ट. बोअरच्या जड पाण्यात कोकमाचा लाल रंग मळकट जांभळा होतो. हा रंग आम्लात लाल राहतो आणि जड पाण्यातले क्षार आम्ल खाऊन टाकतात. सरबतासाठी गाळलेले, हलके पाणीच घ्यावे. रंग परत आणायचा तर थोडे लिंबू पिळावे. खायचा रंग घालण्याची काही गरज नाही.

पन्ह्यासाठी एक किलो कडक, आतून पांढरी कैरी. गर पिवळसर झालेली कैरी घेतली तर पन्हे नुसते गोड होते. देठाकडची चकती कापून कैऱ्या अर्धा तास पाण्यात ठेवाव्यात, म्हणजे चीक निघून जातो. तो राहिला तर घसा खवखवतो. कुकरमध्ये तीन शिट्ट्या, गार झाल्यावर गर काढून पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून घालावा, नाहीतर कैरीचे धागे तोंडात येतात. गर साधारण सहाशे ग्रॅम भरतो. त्यात तितकाच किसलेला गूळ, कैरी फार आंबट असेल तर सव्वापट. गूळ गर कोमट असतानाच घालावा आणि विरघळल्यावर पुन्हा गाळावे, कारण गुळात बारीक कचरा असतो. अर्धा चमचा मीठ, पाच-सहा वेलच्यांची ताजी पूड आणि कोमट पाण्यात भिजवलेले केशर घालावे. केशर दुधात भिजवण्याची सवय येथे सोडावी, कैरीत दूध फाटते. हा घट्ट गर फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. देताना एकास तीन थंड पाणी. पन्ह्यात सोडा घालू नये, गराने फेस येऊन पेला उतू जातो आणि चवही पातळ होते.

सोडा शोभतो तो आल्या-लिंबाला. तीनशे ग्रॅम साखर आणि दीडशे मिली पाणी एक उकळी येईपर्यंत तापवून पूर्ण गार करावे. मग दोनशे मिली लिंबाचा रस घालावा. गरम पाकात रस घातला किंवा पिळताना बिया चिरडल्या, तर सरबत कडू होते. आठ ते दहा रसाळ लिंबे लागतात. उन्हाळ्यात लिंबे महाग आणि कोरडी मिळतात, म्हणून दोन-चार जास्त आणावीत. साठ-सत्तर ग्रॅम आले किसून पिळले की तीस मिली रस मिळतो. तो अर्धा तास न हलवता ठेवला तर तळाशी पांढरा साका बसतो. वरचा नितळ रस घ्यावा, साका टाकावा. पुष्कळांच्या सरबताला पिठूळ चव येते ती या साक्यामुळे. पेल्यात आधी पाक, मग बर्फ, मग पेला तिरका धरून कडेने सोडा ओतावा. मीठ पाकातच विरघळवून ठेवावे. वरून मिठाची चिमूट टाकली की सोडा भसकन उफाळतो आणि त्याचा बुडबुडा संपतो.

वाळ्याबद्दल थोडेसे. बाटलीतले हिरवेगार सिरप हा वाळ्याचा रंग नव्हे. वीस-पंचवीस ग्रॅमची जुडी तीन-चार पाण्यांत चोळून धुवावी आणि रात्रभर तीन लिटर पाण्यात ठेवावी. पाणी जवळजवळ रंगहीनच राहते, वास मात्र पहिल्या पावसाचा. साध्या पाण्याच्या माठात हे पाणी मिसळले तर पाहुणे सरबत सोडून तेच मागतात. सब्जा घालायचा तर एक चमचा बी वाटीभर पाण्यात वीस मिनिटे फुगवूनच. कोरडे बी मुलांच्या घशात अडकू शकते.

सोलकढी पेय म्हणून काठावर फिरवू नये, ती जेवणाबरोबर शोभते. वीस छोट्या वाट्यांना तीन ते चार नारळ लागतात. नारळाचे दूध आधी काढून फ्रिजमध्ये ठेवावे आणि आगळ वाढण्याच्या वेळी घालावे. उघड्यावर दोन तासांहून जास्त राहिलेली सोलकढी उन्हाळ्यात पोटाला धोक्याची असते.

आता बर्फ, जिथे सर्वांत मोठी चूक होते. कारखान्यातली लादी खाण्यायोग्य असतेच असे नाही. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम २०१८ पासून आहे, तरी पांढरा दिसला म्हणजे चालेल असे धरू नये. लादी बाटल्या बाहेरून गार करण्यापुरतीच वापरावी. दहा किलो फोडलेल्या बर्फात किलोभर जाडे मीठ आणि बर्फ बुडेल इतके पाणी घातले की तापमान शून्याच्या खाली जाते आणि बाटल्या वीस मिनिटांत थंड होतात. त्याहून जास्त वेळ सोड्याच्या काचेच्या बाटल्या त्यात ठेवू नयेत, आत गोठून फुटतात. पेल्यातला बर्फ मात्र घरच्या गाळलेल्या पाण्याचाच हवा: माणशी अर्धा किलो, म्हणजे दहा किलो. घरच्या फ्रिजमध्ये तो एका दिवसात होत नाही. चार दिवस आधीपासून साचे रिकामे करून बर्फ पिशव्यांत भरत जावे. त्यातले दोन साचे कोकम सरबताचे गोठवावेत. ते विरघळले तरी पेय पाणचट होत नाही आणि नुसत्या सोड्यात टाकले की लाल धागे सुटताना फार सुंदर दिसतात.

पेले कोणते हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. काच तलावाच्या आसपासही नको. पाण्यात फुटलेली काच दिसत नाही आणि मग सगळा तलाव उपसून तळ झाडावा लागतो. सध्या तांब्याचे पेले शोभिवंत म्हणून वापरतात, पण आत कल्हई नसेल तर कोकम, कैरी, लिंबू यांच्या आम्लाने तांबे विरघळते आणि मळमळ, उलट्या होतात. एकदा वापरून फेकण्याचे प्लास्टिकचे पेले आणि स्ट्रॉ यांना कायद्याने बंदी आहे. स्टीलचे पेले सर्वांत चांगले: ते फुटत नाहीत, लवकर गार होतात आणि बाहेरून दव धरल्यावर उन्हात चमकतात. सगळे एकाच घाटाचे आणले, कडेला लिंबाची पातळ चकती लावली की आणखी सजावट लागत नाही.

सरबताचे टेबल पाण्यापासून दहा-बारा फूट लांब आणि सावलीत असावे. सांडलेल्या पाकाने फरशी निसरडी होते, मुंग्या येतात. गोडाला मधमाश्या आणि गांधीलमाश्याही येतात. भांड्यांना झाकण आणि पेल्यांवर जाळीची फडकी ठेवावीत. मिक्सर, विजेवरचे स्पीकर, जोडवायर यांपैकी काहीही काठावर नको. बॅटरीवरचा स्पीकर पुरतो. खाण्यात भेळ टाळावी. कुरमुरे वाऱ्याने पाण्यात उडतात आणि गाळणीत जाऊन बसतात. कोथिंबीर वडी, बिया काढलेल्या कलिंगडाच्या फोडी, असे हाताने एका घासात उचलता येईल ते ठेवावे.

पाण्याची तयारी आदल्या संध्याकाळीच करावी. आधी पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, तपासावा; तो ७.२ ते ७.८ मध्ये हवा. पीएच आठच्या वर असेल तर कितीही क्लोरीन घातले तरी त्याचा जोर फार कमी पडतो, म्हणून क्रम चुकवू नये. मोकळे, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेले, क्लोरीन लिटरला एक ते तीन मिलीग्रॅम असावे. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल तलावात सुमारे ३८,००० लिटर पाणी असते. त्यात क्लोरीन एक मिलीग्रॅमने वाढवायला ६५ टक्के क्लोरीनची पावडर साधारण ६० ग्रॅम लागते. पावडर बादलीभर पाण्यात टाकावी, पावडरीवर पाणी ओतू नये. पीएच उतरवण्याचे आम्ल आणि क्लोरीन एकाच बादलीत कधीही नको, विषारी वायू सुटतो. रात्रभर पंप चालू ठेवावा आणि सकाळी पुन्हा तपासावे. ऊन क्लोरीन खाते, म्हणून पार्टीच्या मध्यावर एकदा आणखी पाहावे. डोळे चुरचुरले, उग्र वास आला की लोक क्लोरीन जास्त झाले असे समजतात. बहुतेक वेळा तो वास घाम, लघवी, तेल यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन आलेला असतो. उतरण्यापूर्वी प्रत्येकाने साध्या पाण्याने अंग धुवावे, डोक्याला तेल असेल तर तेही, एवढ्याने निम्मा प्रश्न सुटतो.

मद्य हा वेगळा विषय आहे, पण टाळून चालणार नाही. पाण्यात उतरणाऱ्याने ते घेऊ नये. घ्यायचेच तर तलाव बंद करून, सगळे कपडे बदलून बसल्यावर, आणि राज्याच्या कायद्यातील परवाना आणि वयाचे नियम पाळून. मुले पाण्यात असतील तोवर एका मोठ्या माणसाने फोन बाजूला ठेवून फक्त पाण्याकडे पाहत बसावे, दर वीस मिनिटांनी माणूस बदलावा. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही.

ज्यांच्याकडे तलाव नाही ते गच्चीवर फुगवायचा हौद मांडतात. येथे कळकळीने सांगतो, हे करू नये. अर्धा मीटर खोल पाण्याचे वजन चौरस मीटरला पाचशे किलो होते. वापरत्या गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचा भार धरून बांधलेला असतो. अंगणात, सपाट जमिनीवर, खाली ताडपत्री घालून हौद ठेवावा. तीन मीटर बाय दोन मीटरच्या हौदात तीन हजार लिटर पाणी जाते. टंचाईच्या गावात त्यासाठी टँकर मागवू नये.

हौदाचे पाणी पार्टीनंतर क्लोरीन न घालता दोन-तीन दिवस उन्हात उघडे ठेवावे. पण त्या काळात त्यावर जाळी हवी, आणि आसपास एकटे मूल नको. तपासपट्टीवर क्लोरीन दिसेनासे झाले की ते झाडांना, अंगण धुवायला वापरावे. उरलेला कोकमाचा पाक फ्रिजमध्ये महिनोन्महिने टिकतो. पाण्यात कालवलेले सरबत आणि पन्हे मात्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. पाकातून काढलेल्या साली उन्हात वाळवल्या की मुखवासासारख्या खाता येतात, मुले त्या चघळत बसतात.

कळावे,
आपले विश्वासू,
अलिबाग तालुक्यातील काही वाचक