शेगडीची बटणं बंद आहेत का, हे न विचारता गॅस मीटर दुरून उघडू नका

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख व मीटरिंग विभाग प्रमुख

विषय: प्रीपेड स्मार्ट गॅस मीटरचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होणे आणि खात्री न करता तो दुरून उघडण्याची कमांड पाठवणे

महोदय,

तुमच्या कॉल सेंटरशी आज झालेल्या बोलण्यानंतर हे पत्र लिहिलं आहे. मीटर तुमचा, मोडेम तुमचा, सिमही तुमचं. तेव्हा तो कसा चालतो हे तुम्हाला शिकवायची वेळ यायला नको होती. पण फोनवरच्या माणसाला आणि घरी आलेल्या तंत्रज्ञाला जे ठाऊक नव्हतं, ते लिहिण्यावाचून इलाज उरलेला नाही.

बिघाड असा आहे. मीटर रोज पहाटे सहाच्या सुमारास जागा होऊन रीडिंग पाठवतो. डिस्प्लेवर आधी अँटेनाची खूण येते, मग बॅटरीची खूण लुकलुकते आणि लगेच आतल्या छोट्या मोटरचा घर्र असा आवाज येऊन व्हॉल्व्ह बंद होतो. शेगडीवर दूध असेल तर ज्योत आक्रसत जाऊन विझते. रिचार्ज शिल्लक असतं. त्याच रायझरवर, म्हणजे इमारतीच्या उभ्या गॅस पाइपवर, वरच्या आणि खालच्या मजल्यावर, गॅस व्यवस्थित चालू असतो. मीटरचं बटण दाबून धरलं तर व्हॉल्व्ह कधी उघडतो, कधी ढिम्म हलत नाही. न उघडला तर तुम्हाला फोन करणं एवढंच हातात राहतं.

तुमच्याकडून आजवर तीन कारणं सांगण्यात आली. तिन्ही चुकीची आहेत.

पहिलं, 'रेग्युलेटर ट्रिप झाला असेल.' मीटरआधीच्या रेग्युलेटरमध्ये दाब घटला की पुरवठा तोडणारी यंत्रणा असते हे खरं. पण ती एकदा पडली की आपणहून सुरू होत नाही, हाताने रिसेट करावी लागते. इथे रेग्युलेटरला कुणी हातही न लावता, नुसतं मीटरचं बटण दाबून गॅस परत येतो. मग दोष रेग्युलेटरचा कसा? तुमच्याच तंत्रज्ञाने दाब मोजणारा मॅनोमीटर लावला तेव्हा रेग्युलेटरनंतर, म्हणजे मीटरच्या तोंडाशी, 21 मिलिबार दाब होता. घरगुती पाइप गॅसला तेवढाच लागतो.

दुसरं, 'प्रवाह जास्त झाल्यामुळे मीटरने सुरक्षेसाठी बंद केलं.' मीटरवर जी 1.6 असं छापलेलं आहे. या मापाचा मीटर ताशी 2.5 घनमीटरपर्यंतच्या प्रवाहासाठी बनवलेला असतो. शेगडीचा मोठा बर्नर पूर्ण उघडला तरी ताशी साधारण पाव घनमीटर गॅस घेतो. चारही बर्नर एकदम लावले तरी आकडा 1 घनमीटरच्या आतच राहतो. घरात गॅस गीझर नाही. जास्त प्रवाह येणार कुठून?

तिसरं, 'घरात गळती असेल.' गळती तपासायची पद्धत तुम्हीच कनेक्शन देताना दिलेल्या पत्रकात आहे: मीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून शेगडीची सगळी बटणं बंद करायची आणि मीटरचा शेवटचा आकडा, जो लिटर मोजतो, तो अर्धा तास पाहायचा. आकडा जागचा हलत नाही. रबरी नळीचे दोन्ही टोकांचे क्लॅम्प साबणाचं पाणी लावून पाहिले, बुडबुडा नाही.

राहते ती बॅटरी. आणि बॅटरीविषयी तुमच्या माणसाने जे केलं त्याला तपासणी म्हणणं कठीण आहे. त्याने सील काढलं, मल्टिमीटरची टोकं लावली, 3.6 व्होल्ट पाहिले, 'बॅटरी ओके' लिहिलं आणि सही मागितली. या मीटरमध्ये लिथियम थायोनिल क्लोराइडची बॅटरी आहे. तिच्या वेष्टनावर तसं लिहिलेलं आहे. ही बॅटरी विनाभार असताना, म्हणजे तिच्यातून वीज घेतली जात नसताना, जवळजवळ शेवटपर्यंत 3.6 व्होल्टच दाखवते. जिने चढताना ज्याला धाप लागते त्याला खुर्चीत बसवून त्याची नाडी मोजण्यासारखं हे झालं. बॅटरी दमते ती मोडेम चालू होतो तेव्हा. एरवी मीटरला मायक्रोअँपिअरमध्ये वीज लागते. रीडिंग पाठवताना मात्र शेकडो मिलिअँपिअरचे झटके लागतात. या प्रकारच्या बॅटरीत लिथियमवर क्षाराचा पातळ थर जमतो. बॅटरी बराच काळ जवळजवळ न वापरता पडून राहिली, त्यातून गरम जागी राहिली, की तो थर जाड होतो आणि अचानक भार आला की व्होल्टेज क्षणभर कोसळतं. आमचा मीटर पश्चिमेच्या ड्राय बाल्कनीत आहे. जागा तुमच्या सर्व्हेअरने ठरवली. दुपारभर त्यावर ऊन असतं.

त्यात मीटरच्या तीन बाजूंना आरसीसीच्या भिंती. सिग्नल कमजोर असला की एनबी-आयओटीचा (मोबाइल नेटवर्कवरून थोडी थोडी माहिती पाठवणाऱ्या तंत्राचा) मोडेम एकच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतो. या तंत्रात ती मर्यादा 128 आवृत्त्यांपर्यंत जाते. जितका सिग्नल कमी, तितका भार जास्त वेळ. व्होल्टेज कोसळलं की मीटरला वाटतं बॅटरी संपली, आणि उरलेल्या शक्तीत तो व्हॉल्व्ह बंद करून टाकतो. भार गेला की काही वेळात व्होल्टेज पूर्ववत. म्हणून तंत्रज्ञाला नेहमी 3.6 व्होल्टच दिसणार. आणि व्हॉल्व्ह बंद होण्याआधीच मीटरने 'व्हॉल्व्ह उघडा आहे' असा निरोप पाठवलेला असतो, त्यामुळे तुमच्या संगणकावरही नेहमी 'उघडा'च दिसणार. पाहायचंच असेल तर बॅटरीला 33 ओहमचा रेझिस्टर पाच सेकंद लावून व्होल्टेज मोजा. शंभर मिलिअँपिअरच्या आसपासचा भार येतो आणि खरं काय ते समोर दिसतं. त्या तंत्रज्ञाला हे सुचवलं होतं. 'आमच्या चेकलिस्टमध्ये नाही' हे त्याचं उत्तर. त्याच्यावर राग नाही. चेकलिस्ट त्याने बनवलेली नाही.

आता आजचा कॉल. तो रेकॉर्ड केला जातो असं सुरुवातीलाच ऐकवलं जातं, तेव्हा काढून ऐका. नोंदलेला मोबाइल नंबर माझा आहे, मी कामावर होतो, घरी वयस्कर माणूस एकटं. पहाटे विझलेली शेगडी बटणाने सुरू झाली नव्हती.

"सर, सिस्टममध्ये तुमचा व्हॉल्व्ह ओपन दाखवतोय."

"सिस्टम काहीही दाखवू दे, गॅस येत नाही."

"लायटर बदलून पाहिलात का, सर?"

लायटर! मीटरचा व्हॉल्व्ह बंद आहे, डिस्प्लेवर बंदची खूण आहे, हे सांगून झाल्यावर हा प्रश्न. पुन्हा सगळं सांगितलं. मला होल्डवर ठेवण्यात आलं, तुमची जाहिरातीची धून पुन्हा पुन्हा वाजली, आणि मग:

"सर, इथून ओपन कमांड पाठवली आहे. पंधरा मिनिटांत गॅस सुरू होईल. आणखी काही मदत करू शकतो का?"

"कमांड पाठवण्याआधी शेगडीची बटणं बंद आहेत का, हे तुम्ही विचारलं का?"

"सर, ती ग्राहकाची जबाबदारी आहे."

"मी घरी नाही. घरी फोन करून बटणं पाहायला सांगतो. तोवर कमांड मागे घ्या."

"तसा ऑप्शन नाही, सर."

फोन ठेवल्या ठेवल्या सेवेला पाचपैकी किती गुण देता, असा मेसेज आला. संताप झाला तो या मेसेजने नाही, आधीच्या वाक्याने. ज्योत आपोआप विझली तेव्हा बटण उघडंच होतं. ते कुणी बंद केलं की नाही, हे तुमच्या माणसाला माहीत नव्हतं, जाणून घ्यायचं नव्हतं, आणि तरी त्याने गॅस सोडला.

त्याने सांगितलेली पंधरा मिनिटंही खरी नाहीत. बॅटरीवरचा मीटर वीज वाचवायला झोपलेला असतो. कमांड सर्व्हरवर रांगेत पडून राहते आणि मीटर पुढच्या वेळी जागा होईल तेव्हा त्याला मिळते. आमच्या मीटरची ती वेळ पहाटेची. कुणी बटण दाबून त्याला मध्येच जागं केलं नाही, तर दिवसा पाठवलेली कमांड दुसऱ्या दिवशी पहाटे, घर झोपलेलं असताना, गॅस सोडू शकते.

याचा अर्थ आकड्यांत सांगतो. तीन मीटर बाय अडीच मीटर, उंची 2.8 मीटर, म्हणजे स्वयंपाकघराची हवा सुमारे 21 घनमीटर. नैसर्गिक वायू हवेत 5 ते 15 टक्के मिसळला की पेट घेतो. दोन मोठे बर्नर उघडे राहिले तर ताशी अर्धा घनमीटर गॅस बाहेर येईल. खिडकी बंद असेल तर पूर्ण खोली 5 टक्क्यांवर जायला दोन तास लागतील. पण हा वायू हवेपेक्षा हलका, तो वर छताशी साठतो. खोलीचा नुसता वरचा पाव भाग 5 टक्क्यांवर जायला अर्धा तास पुरतो. नंतर दिव्याचं बटण दाबलं तरी ठिणगी पडते. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मिसळलेल्या मर्कॅप्टनचा वास जाग्या माणसाला येतो, झोपलेल्या माणसाच्या भरवशावर व्यवस्था चालत नाही. आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांना ज्योत विझल्यावर गॅस तोडणारा सेन्सर नसतो, हे गॅस कंपनीला वेगळं सांगायला नको.

दुसरीकडे हे कसं करतात, तेही माहीत असेलच. ब्रिटनमध्ये कंपनी स्मार्ट गॅस मीटरला दुरून फक्त 'तयार' स्थितीत आणते. गॅस सुरू करायची शेवटची कृती घरातल्या माणसाने करायची असते. जपानमध्ये मीटरने पुरवठा तोडला की घरातली सगळी उपकरणं बंद करून मीटरचं बटण दाबायचं आणि सुमारे तीन मिनिटं थांबायचं. तेवढ्या वेळात मीटर कुठे गॅस वाहतोय का ते तपासतो. वाहत असेल तर पुन्हा बंद करतो. तुमच्या मीटरमध्येही प्रवाह मोजायची सोय आहेच, तो मोजण्यासाठीच तर तो भिंतीवर आहे. उघडल्यावर काही मिनिटं प्रवाह पाहून परत बंद करणं हा सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे, नव्या पाइपलाइनचा नाही.

आणि वर तुमच्या ई-मेलमध्ये 'मीटर बदलण्याचा खर्च ग्राहकाकडून घेतला जाईल' असं लिहिलं आहे. मीटर तुमच्या मालकीचा आहे, जागा तुम्ही निवडली, सील तुमच्या माणसाने काढलं. बॅटरी भाराखाली कोसळते, हे पुन्हा लिहितो, कारण त्याच ई-मेलमध्ये पुन्हा 'बॅटरी ओके' आहे. एक रुपयाही मिळणार नाही.

पाइप गॅस आला म्हणून सिलिंडरचं कनेक्शन परत केलं. या भागात पाइप गॅससाठी दुसरी कंपनी नाही, मोबाइलसारखं पोर्ट करता येत नाही. तुमच्यावर विश्वास ठेवला होता तो याच कारणाने की जिला पर्याय नाही ती कंपनी निदान सुरक्षेत हयगय करणार नाही. तो विश्वास आज उरलेला नाही.

त्यामुळे हे करा. रांगेत असलेली कमांड आजच रद्द करा आणि आमच्या ग्राहक क्रमांकावर दुरून व्हॉल्व्ह उघडणं बंद करा. हा स्मार्ट मीटर काढून साधा यांत्रिक मीटर बसवा. बिल महिन्याच्या रीडिंगवर द्या, फोटो आम्ही पाठवू. काढलेला मीटर भंगारात न टाकता आमच्यासमोर सील करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत बॅटरीच्या भार चाचणीसह तपासायला द्या, आणि त्यातली घटनांची पूर्ण नोंद, व्हॉल्व्ह बंद-उघड होण्याच्या वेळा आणि त्या क्षणाचं व्होल्टेज, आम्हाला द्या. कॉल सेंटरच्या स्क्रिप्टमध्ये 'शेगडीची सगळी बटणं बंद आहेत, हे शेगडीजवळ उभ्या माणसाकडून ऐकलं का?' हा प्रश्न कमांडच्या आधी घाला. याच मापाचे, याच बॅटरीचे मीटर आमच्या सोसायटीत आणखीही बसवले आहेत. त्यांत सुपर कपॅसिटर (वीज साठवून गरजेला एकदम देणारा भाग) जोडलेला बॅटरी पॅक घाला, म्हणजे मोडेमचा झटका तो झेलेल.

सात दिवसांत लेखी उत्तर आणि मीटर बदल झाला नाही तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे आणि पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाकडे तक्रार जाईल. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(11) खालील सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगात दावा दाखल होईल. आजच्या कॉलचं रेकॉर्डिंग त्यात पुरावा म्हणून मागवलं जाईल, ते पुसू नका.

जो माणूस पाठवाल त्याच्याकडे मॅनोमीटर, 33 ओहमचा रेझिस्टर, नवा मीटर आणि नवं सील असू द्या. येण्याआधी फोन करा, घरी कुणीतरी शेगडीजवळ असेल.

आपला ग्राहक
(ग्राहक क्रमांक व मीटर क्रमांक सोबतच्या बिलावर, डिस्प्लेचे फोटो जोडले आहेत)