बुडख्यावरचा पिवळा रंग

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पत्र बघून नवल वाटेल. पण रानातली झाडं विकायचा विषय निघाला की बाबा फोन आईच्या हातात देतात आणि आई म्हणते, "त्यांनाच विचार." म्हणून लिहायलाच बसले.

रविवारी मी निघाले तेव्हा बाबा मागीलदारी पाठ करून बसले होते. राग कशाचा ते मला कळलं. पोरगी चार दिवसांसाठी येते आणि ज्या माणसाचं नाव घरात काढायचं नाही, त्याच लाकूडवाल्याला घेऊन रानात फिरते! बाबा, दुसरे दोघे येऊन गेले ते तुम्हीच पाहिलंत. दोघांनीही रान नुसतं गडग्यावरून बघितलं आणि उक्ता आकडा सांगितला. हा एकटाच टेप घेऊन आत शिरला.

निसर्ग वादळाच्या वेळचं मी विसरलेले नाही. 3 जून 2020 ला आपले 14 साग आडवे झाले, तुम्ही ते त्यालाच न मोजता उक्ते देऊन टाकलेत. वीज नाही, फोन नाही, पडवीच्या छपराचे कोने उडालेले, अशा वेळी कोण घासाघीस करणार? मी नंतर आले तेव्हा रानात एकटीच फिरले होते. वादळाने पाडलेलं झाड मुळासकट उपटतं, नाहीतर मध्येच मोडून त्याच्या चिंधड्या होतात. मला पाच बुडखे असे दिसले की ते जमिनीत घट्ट उभे, आणि वरून कटरने साफ कापलेले. ती झाडं वाऱ्याने पाडलेली नव्हती. पण दाखवायचं कोणाला आणि कसं? कोणती झाडं दिली याची कुठेच खूण नव्हती.

या खेपेला मी त्याला तेच विचारलं. सरळ, त्या पाचांतल्या एका बुडख्याजवळ उभी राहून. त्याने मान खाली घातली नाही. म्हणाला, "ताई, तीन मीच घेतली. गाडी अर्धी रिकामी जात व्हती, भाडं तर पुरं द्यायचं." उरलेली दोन कलली होती, ती घ्या असं काकांनीच, म्हणजे तुम्हीच, सांगितलं, असं त्याचं म्हणणं. आणि मग तो म्हणाला, "पण काकांनी इसार घेऊन दोन शिवणी सुताराला दिल्यान, ते तुला कोणी सांगितलं नाय ना?"

नव्हतं सांगितलं, बाबा.

आधी कोणी केलं, शिवणी आधी गेल्या की साग, हे आता तुम्हा दोघांनाही सांगता येणार नाही. आपल्या जमिनीतली झाडं, कोणालाही देईन, हे तुमचं मला ठाऊक आहे. पण त्याच्याकडून इसार घेतल्यावर ती शिवणीची झाडं निम्मी त्याची झाली होती. त्याने कटरवाल्याला, मजुरांना आणि गाडीवाल्याला त्याच हिशेबाने सांगून ठेवलेलं असतं. तुम्ही त्याला चोर म्हणता, तो आपल्याला काय म्हणत असेल ते मी त्याच्या तोंडून काढलं नाही.

आता मोजमापाचं, कारण तुमचा खरा संशय तिथे आहे. तुम्ही मागे एक ओंडका स्वतः मोजलात आणि त्याने लाकूड कमी धरलं म्हणालात. तुमचं गणित चुकलेलं नव्हतं. जन्मभर पोरांना वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवलंत, ते चुकणार कसं? फक्त वखारीत त्या सूत्राने मोजत नाहीत. ओंडक्याच्या मध्यावर दोरी लावून घेर घेतात, त्याचा चौथा भाग करतात आणि त्याचा वर्ग गुणिले लांबी. घेर 48 इंच, लांबी 10 फूट असेल तर 12 गुणिले 12 गुणिले 10, भागिले 144, म्हणजे 10 घनफूट. तुमच्या सूत्राने तोच ओंडका पावणेतेरा घनफुटांच्या जवळ जातो. शंभरातले एकवीस-बावीस हिशेबातच येत नाहीत. ही त्याची लबाडी नाही. भाव सांगतात तोच या मापाने. लबाडी होते ती भाव एका मापाचा आणि मोजणी दुसऱ्या मापाने केली तर, किंवा साल आणि ढोलीच्या नावाखाली मनाला येईल तेवढं कापलं तर. म्हणून या वेळी कागदावर माप कोणतं ते लिहून घेतलंय. प्रत्येक ओंडका दोघांसमोर मोजायचा आणि आकडा दोघांच्या वहीत जायचा. तुमची वही मी फळीवर ठेवली आहे, निळ्या कव्हरची.

खुणांवरून आमचा वाद झाला. माझं म्हणणं होतं, राखायच्या झाडांना चुन्याचे पट्टे मारू म्हणजे कोणी हात लावणार नाही. तो हसला. राखायचं झाड चुकून तोडलं तर चुना झाडाबरोबर गाडीत चढतो, मागे काय राहतं? मी गप्प बसले. म्हणून जी तोडायची त्यांनाच रंग लावला, आणि दोन ठिकाणी. एक छातीच्या उंचीवर, साडेचार फुटांवर, जिथे घेर मोजला तिथे नंबर घालून. दुसरा अगदी बुडाशी, मूळ जिथे फुगून जमिनीत शिरतं त्या खोबणीत. कटर कितीही खाली लावला तरी तिथला रंग राहतो. झाड गेल्यावर रानात ज्या बुडख्याला पिवळं नाही, ते झाड आपल्या यादीतलं नव्हतं. मग कोणाला काही सिद्ध करावं लागणार नाही.

आणि बुडखे जमिनीलगतच कापून घ्या, थोडे उतरते, म्हणजे पाणी साचत नाही. सागाला तिथून फुटवे येतात. त्यातला एक चांगला ठेवून बाकीचे काढायचे, हे तुम्हाला मी काय सांगणार.

सगळी मिळून 54 झाडं रंगवली: साग 38, ऐन 11, किंजळ 4 आणि एक फणस. या सगळ्या जाती 1964 च्या वृक्षतोडीच्या कायद्यातल्या 16 जातींत येतात, त्यामुळे परवानगीशिवाय एकालाही करवत लावायची नाही. तो म्हणेल, "कागद होतात, तोवर सुरुवात करू." करू द्यायची नाही. सातबारावर मुंबईच्या काकांचं नाव आहे, त्यांची संमती मी घेते. नंतर मालावर वनखात्याच्या हातोड्याची खूण पडून वाहतुकीचा पास मिळेपर्यंत गाडी भरायची नाही. हा उशीर त्यालाही खटकतो, पण त्याने मान्य केलंय.

आता त्या फणसाबद्दल. विहिरीजवळचा बरका. यादीत तो बाबांनी घातला होता, नंबर 17. मी रंग लावत होते तेव्हा आई पाण्याला आली. कळशी कठड्यावर ठेवून तिने त्या नंबरावर नुसता हात फिरवला. रंग ओला होता, तिच्या बोटांना लागला. ती काही बोलली नाही, बोटं पदराला पुसली आणि गेली. आई, दर मे महिन्यात त्याच फणसाची साठं घालतेस आणि मला पाठवतेस. तुला कोणी विचारलं होतं का? मीही नाही विचारलं, यादी घेऊन चालत सुटले. मी 17 वर आडवी रेघ मारली आहे आणि त्याला सांगितलंय. 53 चा हिशेब धरू म्हणाला, कुरकुर केली नाही. बाबा, पैसे थोडे कमी येतील. न्हाणीघराचं काम त्यातही होतंय, मी आकडे मांडून बघितले.

पैसे तीन हप्त्यांत: पहिला परवानगी हातात आल्यावर, दुसरा निम्मी झाडं पडल्यावर, शेवटचा शेवटची गाडी गडग्याबाहेर जायच्या आधी. ओंडके ओढायची वाट कलमांच्या खालच्या अंगाने आखली आहे आणि गडगा पाडला तर तो परत रचून देणार. कागदाच्या दोन प्रती आहेत, तुमच्या प्रतीवर सही करायच्या जागी पेन्सिलीने खूण केली आहे. पटलं नाही तर करू नका, त्याला मी सांगेन.

उरलेला रंग पडवीत कोनाड्यात आहे, झाकण घट्ट लावलंय. तोड सुरू झाली की दर संध्याकाळी बुडखे मोजा. एकट्याने जाऊ नका, उतार निसरडा आहे. त्यालाच बरोबर घ्या, तोही मोजेल. मी रात्री आठला फोन करीन. त्या वेळी फोन आईकडे देऊ नका, आकडा तुमच्याकडूनच हवाय.

तुमची,
माई